उभ्याने आखलेला पाय

सिस्टरने पिशवीतून खोका काढून माझ्या ऐरणीशेजारी ठेवला आणि झाकण न उघडताच म्हणाली, "काकू, आधी सांगा, रागावणार नाही."

"बूट आहेत ना आत? मग मी कशाला रागावू? पाय तुझे."

"पण तुमच्याकडचे नाहीत ना! फोन उघडला की सारखे हेच समोर. स्वस्त होते. म्हटलं, एकदा घालून बघू. आणि काय सांगू, डावा पाय सरळ आत गेला. माझा! हा डावा!"

सिस्टर समोरच्या दवाखान्यात नर्स आहे. दिवसभर उभी. तिच्या डाव्या अंगठ्याजवळचं हाड गोटीसारखं बाहेर आलेलं आहे आणि दुकानातला एकही बूट त्या हाडाला मानवत नाही. आमचे हे असल्यापासून ती आमच्याकडूनच बूट करून घेते.

"मग छान झालं की," मी म्हणाले. तोंडाने म्हणाले. मनात आलं ते वेगळं.

"छान कसलं! दुपारनंतर तिथेच टोचायला लागतं. जरा ठोकून सैल करून द्या."

मी डावा बूट घेतला. आम्ही बूट डोळ्यांनी बघत नाही, आत हात घालून बघतो. अंगठ्याच्या हाडापाशी बोटं गेली आणि थांबली. तिथे फुगवटा होता. उजव्यात हात घातला, तिथे सपाट. पुन्हा डाव्यात घातला. फुगवटा मागच्या बाजूला किंचित घसरलेला होता. हे घसरणं माझ्या ओळखीचं होतं. ज्या लाकडी पायावर आम्ही बूट ओढतो त्याला फर्मा म्हणतात. सिस्टरच्या फर्म्यावर मी कातड्याचे तुकडे चिकटवून, काचेने घासून ते हाड उभं केलं होतं, आणि वरचा तुकडा सुकताना जरासा सरकला होता. पुन्हा काढायचा कंटाळा केला, कारण तिला तसाच बरा बसला.

सून आत तळाला गोंद लावत होती. मी हाक मारली. "अगं ए, हातातलं ठेव आणि ह्यात हात घाल."

तिने हात घातला. आधी कपाळाला आठी पडली, मग डोळे मोठे झाले. "आई, हा तर ह्यांचाच पाय आहे."

"कुणाचा?" सिस्टरने विचारलं.

"तुमचा. तुमचं हाड आहे हे."

सिस्टरने बुटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडे, आणि एवढी हसली की स्टूल ओढून बसावं लागलं. "म्हणजे आता जगभर बायका माझं हाड घालून फिरतायत? अगं बाई! माझ्या नवऱ्याला सांगायला पाहिजे. तो म्हणतो, तुझ्या पायाकडे बघवत नाही!"

आम्ही तिघी हसलो. माझं हसू मात्र लवकर सरलं. त्याच संध्याकाळी पिशवीवाला, म्हणजे कंपनीचा माणूस, येणार होता. फोनवरच्या बाजारातलं आमचं दुकान चालू ठेवायचं तर कंपनीच्या नव्या अटी मान्य करायच्या होत्या, नाहीतर दुकान बंद. माझं उत्तर न्यायला तो येत होता, आणि सकाळपर्यंत माझं उत्तर जवळजवळ 'हो' होतं.

पिशवीवाला पहिल्यांदा आला तेव्हा हे जाऊन वर्ष झालं होतं. मुलगा मालवाहू जहाजावर, घरात सून आणि मी. शिवणं मी ह्यांच्या शेजारी बसून आयुष्यभर केलं होतं, कापणंही हाताला बसलं होतं, पण गल्लीत गिऱ्हाईक राहिलं नव्हतं. हा पोरगा सायकलवर आला. काडीसारखा. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात कॅमेरा आणि बिस्किटांचा पुडा. जमिनीवरच बसला.

"मावशी, तुमचे बूट सगळ्या जगाला दाखवतो."

"किती घेशील?"

"काही नाही. दुकान फुकट, फोटो फुकट. विकलं की सगळे पैसे तुमचे."

"मग तुझं पोट कशावर?"

"मला पगार आहे."

"आणि पगार देणाऱ्याचं पोट?"

त्याने डोकं खाजवलं. "मोठे लोक आहेत, मावशी. त्यांनी पैसे घातलेत. त्यांना नंतर मिळेल."

"नंतर म्हणजे कधी?"

"नंतर म्हणजे नंतर. बिस्कीट घ्या ना."

मी बिस्कीट घेतलं. खोटं कशाला बोलू, ते दिवस चांगले होते. लांबलांबची माणसं कागदावर आपला पाय आखून टपालाने पाठवायची. सुरुवातीचे बूट सगळे घट्ट झाले. मला कळेना, कागदाबरहुकूम तर केले. मग लक्षात आलं, हे लोक खुर्चीवर बसून स्वतःच वाकून पाय आखतात. बसल्या पायात वजन नसतं. उभं राहिलं की पाय पसरतो, खरा होतो. मग मी सांगितलं आणि सुनेने दुकानाच्या अगदी वर लिहिलं: 'कागदावर उभे राहा. सगळं वजन टाका. पेन्सिल दुसऱ्या कुणाला तरी फिरवू द्या.'

त्या एका ओळीने काय काय झालं! लोक कळवू लागले, पाय कुणी आखला ते. एकाचा नातवाने, अंगठ्याला डोळे-नाक काढून. एकीने लिहिलं, शेजारणीशी दोन वर्षं अबोला होता, पण घरात दुसरं कुणी नव्हतं म्हणून तिलाच हाक मारावी लागली; ती गुडघ्यावर बसली, पाय आखला, आणि मग चहाला थांबली.

हे सगळं सून मला वाचून दाखवायची. पण वाचता वाचता मधेच अडखळायची, आणि मला संशय यायचा की तक्रार आली की ही गिळते. म्हणून मी अक्षरं शिकले. त्या वयात. पहिले शब्द 'डावा' आणि 'उजवा', कारण तेच कागदांवर लिहावे लागत. मग हळूहळू बाकीचे. एका बाईचा अभिप्राय मी स्वतःच्या डोळ्यांनी पहिल्यांदा पुरा वाचला: 'आज दिवसभर पाय आहेत हेच विसरले.' एवढं वाचायला मला चहा गार होईपर्यंत वेळ लागला. सुनेने तोंड फिरवलं. म्हणाली डोळ्यांत गोंदाचा वास गेला.

आणि तक्रारी ती खरंच गिळत होती.

मग ते 'नंतर' यायला लागलं. एकदम नाही आलं. आधी म्हणाले, विक्रीतला थोडा हिस्सा द्या. मी म्हटलं बरोबर आहे, बाजारात बसायचं तर जागेचं द्यावं लागतं. हिस्सा वाढला. मग म्हणाले, तुमचे बूट पुढे दिसायला हवे असतील तर त्याचे वेगळे पैसे. जे कालपर्यंत फुकट पुढे होते ते आज पैसे देऊन पुढे, आणि न देणारे मागे गेले असंही नाही, दिसेनासेच झाले. मग गिऱ्हाइकाचा पत्ता द्यायचं बंद केलं. नुसता आकडा यायचा आणि पार्सल त्यांची माणसं न्यायची. मग म्हणाले, गिऱ्हाइकाशी थेट बोलायचं नाही. मग आमची ती वरची ओळ काढून टाकली. ठरलेल्या चौकटीत बसत नाही म्हणे. पायाच्या कागदाऐवजी साईज आली. सात, आठ, नऊ.

सून हिकमती. ती बुटाच्या फोटोच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ती ओळ लिहायची. त्यांच्या यंत्राने तेही पकडलं.

मग माल आधी त्यांच्या गोदामात पाठवायचा आणि तिथून तो गिऱ्हाइकाकडे जाणार, असं झालं. आमचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, मास्तर. घोटा मोडून बसल्यापासून त्यांचा एक पाय आखूड. त्यांचे बूट गोदामातून परत आले. वर चिठ्ठी: 'दोष: दोन्ही बूट असमान.' सुनेने फोन लावला. तिकडून आवाज आला, पार्सलसाठी एक दाबा, पैशांसाठी दोन दाबा.

मी म्हटलं, "पायासाठी किती दाबायचं, विचार."

"आई, ते यंत्र आहे."

"मग त्याला पाय नाहीतच. त्याला कसं कळणार?"

आम्हाला हाक मारायची पद्धतही बदलत गेली. 'मावशी'ची मी 'मॅडम' झाले. मग 'प्रिय विक्रेता'. अक्षरं नवी शिकले तेव्हा 'प्रिय' हा शब्द मला फार आवडला होता. त्यांनी वापरून वापरून त्याचा पार तळ झिजवला.

आणि ह्याच सगळ्यात तो नमुना गेला. कंपनीने कळवलं, तपासणीसाठी एक जोड नमुना म्हणून पाठवा. आता आमच्याकडे नमुना कुठला? आमच्या घरात तयार बूट अशी वस्तूच नसते. प्रत्येक बूट कुणाचा तरी असतो. त्या दिवशी ऐरणीवर सिस्टरचा जोड पुरा होऊन पडला होता. सून म्हणाली, "हाच आहे फक्त." मी म्हटलं, "पाठव. बघतील आणि परत करतील. सिस्टर काही परकी नाही." तो जोड परत आला नाही. मी सिस्टरला दुसरा करून दिला आणि विसरून गेले.

विसरले होते, ह्या सकाळपर्यंत.

पिशवीवाला संध्याकाळी आला. गाडीतून. पिशवी नव्हती, अंगाने भरला होता, कानशिलांवर पांढरं दिसत होतं. दारातूनच म्हणाला, "मावशी!"

कितीतरी दिवसांनी ऐकला तो शब्द. खरं सांगते, बरं वाटलं.

सुनेने चहा ठेवला. तो आता स्टुलावर बसला आणि नव्या अटी सांगू लागला. लहान दुकानांनी ठरलेल्या मापांचा माल आधीच गोदामात भरायचा. "पण तुमच्यासाठी मी वेगळं बोलून आलोय, मावशी. तुम्ही दुकान चालवूच नका. आमचे स्वतःचे बूट निघतात आता. वरचं कातडं कापून येईल, तुम्ही घरबसल्या शिवायचं. जाहिरात नको, परत आलेल्या मालाची कटकट नको. दर महिन्याला ठरलेले पैसे."

सून माझ्याकडे बघत होती. ठरलेले पैसे म्हणजे काय ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. घर तीच चालवत होती.

मी खोका पुढे केला. "हे तुमचेच ना?"

त्याचा चेहरा उजळला. "अरे वा! हे आमचे सगळ्यात जास्त खपणारे!"

"आणि हे डाव्या बाजूला काय आहे?"

"ते? आराम-कप्पा. लोकांना फार आवडलाय. हवा खेळते म्हणतात. पुढच्या खेपेला उजव्यालाही देणार आहोत."

सून फिस्सकन हसली आणि चहा बशीत सांडला. मग तिनेच त्याला सगळं सांगितलं, नमुन्यापासून हाडापर्यंत. तो ऐकत राहिला. बूट हातात उलटासुलटा केला. मग तोही हसला, आणि त्याचं हसू खोटं नव्हतं.

"मावशी, कमाल आहे. पण खरं सांगू? खपतंय. कुणाचं हाड आहे ह्याने कुणाला काय फरक पडतो?"

"जिचं आहे तिला पडतो. दुपारनंतर टोचतं तिला."

त्याने बूट खोक्यात ठेवला. मी विचारलं, "तू पहिल्यांदा आलास तेव्हा काय म्हणाला होतास, आठवतं? मोठ्या लोकांनी पैसे घातलेत, त्यांना नंतर मिळेल. मग मिळालं का त्यांना?"

त्याने दाराकडे पाहिलं, गाडीचा ड्रायव्हर ऐकत नाही ना म्हणून असेल. "नाही अजून, मावशी. अजून थोडं थांबा म्हणतात."

"माझा हिस्सा घेऊन नाही मिळालं, मास्तरांचे बूट परत पाठवून नाही मिळालं, सिस्टरचं हाड विकून नाही मिळालं. आणि आता माझे हात घेऊन मिळणार?"

"मी काय करू? मी पण नोकरच आहे."

"तू काही करू नकोस. चहा पी."

चहा पिऊन झाल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "नाही म्हणालात तर महिनाअखेर दुकान आपोआप बंद होईल. मला थांबवता येणार नाही."

"आपोआप कशाला? मी उघडलं होतं, मीच बंद करते."

"पण मावशी, बंद झालं की सगळं जातं. फोटो, आणि लोकांनी लिहिलेलं ते सगळं. परत मिळत नाही."

हे मात्र लागलं. मी ऐरणीकडे बघत राहिले. सुनेला कळलं. म्हाताऱ्या बाईच्या आयुष्यात कौतुकाचे शब्द असतात किती, आणि लेखी तर नसतातच. माझ्याकडे होते. त्यांच्यावरच तर मी अक्षरं गिरवली होती.

"तुला काय वाटतं?" मी सुनेला विचारलं. "पोटाची काळजी तुला आहे. तू म्हणशील तसं."

तिने आधी बशीतला चहा पुसला, कप उचलून पुन्हा तिथेच ठेवला. "मला भीती वाटते, आई. खोटं नाही बोलत. ठरलेले पैसे आले असते तर मी रात्री झोपले असते." मग तिने तो डावा बूट उचलला. "पण सिस्टरचं हाड त्यांना न विचारता हजारदा शिवायला मी नाही बसणार. सात नंबरचं हाड, आठ नंबरचं हाड. वेड लागेल मला."

"झालं तर मग. दे फोन."

"आधी वाचून घ्या."

मग मी वाचलं. मोठ्याने, बोट ठेवून. सगळं नाही, शंभर वर्षं लागली असती. शेजारणीचं वाचलं. नातवाचं वाचलं. 'बाबांना शेवटच्या दिवसांतही हेच बूट हवे होते' असं एक होतं, ते सुनेने मागे कधी वाचून दाखवलं नव्हतं. पिशवीवाला उठायला निघाला होता, पण मी वाचत असताना त्याला उठवेना. 'पाय आहेत हेच विसरले' सगळ्यात शेवटी वाचलं. आता त्याला चहा गार होण्याइतका वेळ लागला नाही.

सुनेने बोटाने जागा दाखवली. मी दाबलं. फोनने विचारलं: 'तुम्हाला खात्री आहे का?'

"बघ," मी म्हटलं, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला विचारलं कुणीतरी."

पुन्हा दाबलं. पुन्हा विचारलं: 'नक्की बंद करायचं?'

"सोडवत नाहीये त्यांना," सून म्हणाली.

मी तिसऱ्यांदा दाबलं. पडदा पांढरा झाला. त्यावर काहीच नव्हतं, 'प्रिय'सुद्धा नाही.

"फोटो तरी काढून ठेवायला हवे होते," सून थोड्या वेळाने पुटपुटली. "मला सुचलंच नाही."

मला वाईट वाटलं. मी ते लपवणार नाही. पण समोरच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेले तपकिरी कागद होते, एकावर एक, जाड थर झालेले. नातवाने डोळे-नाक काढलेला अंगठा सगळ्यांच्या वर होता. "ते आहेत की," मी म्हटलं. "आणि मागच्या बाजूला पत्ते आहेत, टपालाने आले होते तेव्हाचे. उद्यापासून एकेकाला कोरा कागद पाठव. वर ती आपली ओळ लिही. येतील त्यांचे येतील."

"आणि नाही आले तर?"

"तर गल्लीत पाय आहेतच. समोर अख्खा दवाखाना उभ्याने काम करतो."

पिशवीवाला दारात थांबला. "मावशी, तुमचं कसं होणार?"

"नंतर बघू," मी म्हणाले. "आणि पुढच्या वेळी बिस्किटं आण. रिकाम्या हाताने येतोस, मोठा झालास तसा."

तो हसला, पण मान वर न करता. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी सिस्टर आली. "झाले का सैल?"

"नाही होणार. काढ तो मोजा."

"काकू, उशीर होतोय."

"काढ म्हटलं ना."

मी जमिनीवर तपकिरी कागद पसरला. तिने डावा पाय ठेवला. मी तिचा जुना कागद भिंतीवरून काढून शेजारी धरला. हाड वाढलं होतं. फार नाही, पेन्सिलीच्या जाडीइतकं. कंपनीकडे होता तो तिचा जुना पाय. तोच आता सात, आठ, नऊमध्ये जगभर विकला जाईल, कधी न बदलता. माझ्यासमोरचा हा पाय रोज वॉर्डात उभा राहत होता आणि रोज थोडा थोडा वेगळा होत होता.

मी गुडघ्यावर बसले. गुडघे कुरकुरले. पेन्सिल टाचेपासून फिरवायला घेतली. हाडापाशी आले तेव्हा तिने पाय अलगद उचलल्यासारखा केला, सवयीने, दुखू नये म्हणून सगळं वजन उजव्यावर घेऊन.

"दुखतंय?"

"नाही हो."

"मग नीट उभी राहा," मी म्हटलं. "सगळं वजन टाक."

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि वजन टाकलं. पाय कागदावर पसरला. मी हाडाच्या कडेकडेने पेन्सिल नेली, रेघ पुरी केली, आणि आत, टाचेपाशी, माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलं: डावा.